मोजे घातलेल्या बाटल्या

तुमच्या घरातला दिवा विझवायचं बटण कोणाच्या हातात आहे?

उत्तराची घाई करू नका. भिंतीवरचं बटण तुमचंच आहे, ते मला माहीत आहे. मी त्याच्या मागच्या बटणाविषयी विचारते आहे. वायर भिंतीतून निघून जिथे पोचते तिथे, जिन्याखाली, शटरमागे, कुलपाआड असतं ते. ते खाली पाडलं की तुमचा पंखा, तुमचा फोन, तुमच्या लेकराचं उघडं पुस्तक, सगळं एका क्षणात काळं होतं. ते बटण कोणाचं आहे?

मला हा प्रश्न दर हिवाळ्याच्या तोंडाशी पडतो. सिल्वासात थंडी उशिरा येते. दुपारी सदरा अंगाला चिकटतो आणि पहाटे पहिल्या शिफ्टची माणसं कानटोप्या घालून, हात काखेत दाबून नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघतात. परवा इथल्या टोकरखाड्यात माझ्या खिडकीखाली एक माणूस सायकलला जाळीची टोपली बांधून कोंबडीची पिल्लं विकायला आला. गुलाबी, हिरवी, जांभळी, रंगात बुडवून काढलेली. कॉलनीतली मुलं भोवती जमली. त्यांना रंग दिसत होते, मला आवाज ऐकू येत होता. पिल्लू सुखात असलं की बारीक, तुटक, स्वतःशीच बोलल्यासारखं चिवचिवतं. गारठलं की तोच आवाज उंच होतो, धारदार होतो आणि थांबत नाही. टोपलीतला आवाज हा दुसरा होता. मी खिडकी लावली, पुन्हा उघडली, शेवटी खाली गेले.

"दादा, टोपलीवर गोणपाट टाका. वारा लागतोय त्यांना."

"मॅडम, झाकली तर दिसणार कशी? दिसली नाही तर घेणार कोण?"

मी त्याच्याशी भांडले. वर आले तेव्हा लक्षात आलं, त्याच्या अंगातही स्वेटर नव्हता. पण आवाज काही कानातून जाईना. तो मला ओढत कारखान्यांमागच्या आमच्या जुन्या चाळीत घेऊन गेला.

पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ, समोर सामाईक नळ, नळाच्या मागे पपईचं झाड. आईबाबा शिरपूरकडचे. बाबा धाग्याच्या कंपनीत मशीनवर, आई त्याच कंपनीत पुठ्ठ्याच्या कोनांवर धागा भरायला. बाबा कामगारांच्या प्रत्येक मिटिंगला जायचे आणि येताना पत्रकं आणायचे. मराठी, हिंदी, गुजराती, जी मिळतील ती. पत्र्याची एक पेटी त्यांनी भरली होती. बाकीच्या मुली गोष्टींवर वाचायला शिकल्या, मी मागण्यांवर शिकले. 'एक होता राजा'च्या आधी मला 'जाहीर आवाहन' वाचता येत होतं. पत्रक प्रश्नाने सुरू करायचं, विनंतीने संपवायचं आणि मधलं सगळं खरं असलं पाहिजे, एवढंच बाबांनी मला लिहिण्याबद्दल शिकवलं. अजून तेवढंच येतं.

चाळीत वीज होती, पण ती आमची नव्हती. सगळ्या खोल्या मिळून एक मीटर, आणि ते घरमालकाच्या गोदामाच्या शटरमागे. एका खोलीला एक ट्यूब, एक पंखा, एक चार्जर. इस्त्री चालणार नाही, विजेची शेगडी चालणार नाही, जादा बल्ब चालणार नाही. घरमालकाला सगळे 'काका' म्हणायचे. त्यानेच म्हणायला लावलं होतं. माणसाला काका म्हटलं की त्याच्याकडे केलेली मागणी हट्टासारखी ऐकू येते. ही युक्ती मला फार उशिरा कळली.

एका वर्षी, मी शिकत असताना, पाऊस ओसरता ओसरता कंपनीने आईला कामावरून थांबवलं. मशिनं नवी आली आणि बायका जुन्या ठरल्या. आई घरात बसून राहायला लागली. बसून म्हणजे काय, तिची बोटं हवेतच तुटलेला धागा जोडत असायची. भाकरी भाजून झाली, भांडी घासून झाली, तरी बोटं चालूच. मग थंडी पडायला लागली तशी एक दिवस ती खानवेलच्या बसने गेली आणि संध्याकाळी भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं मांडीवर घेऊन परत आली. खोक्यातून आवाज येत होता.

"ह्या मोठ्या झाल्या की अंडी," ती म्हणाली. "एकदा अंडी सुरू झाली ना, की मी कुठल्या गेटवर उभी राहणार नाही. वॉचमन सोडतो की नाही बघत."

पिल्लं मोजायची नाहीत, असा तिचा नियम होता. मुठीत मावतील एवढी, पिवळी, काही तपकिरी पट्ट्यांची. तिने खोक्यावर एक पिवळा बल्ब टांगला. त्या उजेडात पिल्लं खोकंभर सैल पसरून झोपायची, पाय मागे टाकून, पिठाचे गोळे मांडल्यासारखी. अंगावर पिसं येईपर्यंत त्यांना स्वतःची ऊब नसते. कोणीतरी द्यावी लागते. चाळीतल्या बायका येऊन बघून जायच्या. आमची खोली त्या दिवसांत चाळीतली सगळ्यात उबदार जागा होती.

त्याच आठवड्यात मी नळावर कागद चिकटवला.

त्यात काही बंड नव्हतं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर मिळावं, मीटर भाडेकरूला दिसेल अशा जागी असावं, बस. खाली सगळ्या खोल्यांच्या सह्या. मीच लिहिला, मीच घरोघर फिरले. शेजारच्या शोभाकाकूंना सही येत नव्हती, त्यांनी हट्टाने शिकून घेतली आणि मग केली. शोभाकाकू नंदुरबारकडच्या, तोंडाने फटकळ, आईच्याच कंपनीत अजून कामाला. कागदावर त्यांचं 'शोभा' बाकीच्यांपेक्षा मोठं होतं आणि उतरतं होतं.

घरमालक दुसऱ्या सकाळी आला तो थेट आमच्या दारात. चपला पायात ठेवूनच आत वाकला.

"बेन, आ शू छे?"

"पिल्लं, काका."

"ते दिसतं. वर काय आहे?"

"बल्ब."

"कोणाला विचारून लावला?"

त्याने खोक्यात पाहिलं, हसला, एका पिल्लाच्या पाठीवर बोट फिरवलं. "जुओ बेन, मी पण माणूस आहे. लहान जीव आहेत, मरायला नको. बल्ब राहू दे. पाहिजे तर दोन लाव. फक्त तुझ्या पोरीने नळावर कागद लावलाय ना, तो काढून टाक. हुशार आहे पोरगी. तिला सांग, परीक्षेचं लिही."

मी आईकडे बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती खोक्यात बघत राहिली. मग बटण बंद केलं, स्टूल ओढलं, पदराचं टोक हाताला गुंडाळलं, बल्ब फिरवून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हा घ्या काका. गरम आहे, सांभाळून."

तो बल्ब या हातातून त्या हातात करत पायऱ्या उतरला. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. पण तो मनात नीट बसायच्या आत खोक्यातला आवाज बदलला. पिल्लं कोपऱ्यात धावली, एकमेकांच्या अंगावर चढली, खालची चेंगरू लागली. माझं तत्त्व जिंकलं होतं आणि त्याची थंडी दुसऱ्याच कुणाला वाजत होती. तो आवाज ऐकत पत्रक लिहून बघा. लिहून झालेलं पत्रकही दर मिनिटाला नव्याने तपासावं लागतं, ते एवढ्या किमतीचं आहे का म्हणून.

बल्बच्या जागी ऊब म्हणून पहिल्यांदा थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत आईने गरम पाणी ओतलं. बाटली आखडली, वाकडी झाली आणि आडवी पडली. काच पाहिजे होती. आता आमच्या गावात काचेच्या बाटल्यांना तोटा नाही. हद्दीच्या पलीकडे गुजरातेत दारूबंदी, अलीकडे आमचे बार. सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या गाड्या येतात, सोमवारी बारच्या मागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग असतो. आईला दारूचा इतका तिटकारा की मिटिंगमधून बाबा उशिरा आले तर ती आधी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. तीच आई तोंडावर माझी ओढणी बांधून सकाळी बारच्या मागे गेली आणि पिशवीभर बाटल्या घेऊन आली. पिशवी चाळीत शिरली तीच खणखणत.

शोभाकाकू दारातच होत्या. "काय व माय, आता तुमच्या घरात कोंबडीपण आली अन् बाटलीपण आली. आम्हाला कधी बोलावता?"

"तू मसाला घेऊन ये," आई म्हणाली.

बाटल्या आधी कोमट पाण्याने तापवायच्या, मग उकळतं पाणी, नाहीतर काच तडकते. बूच घट्ट. वरून बाबांचे कंपनीचे जुने मोजे. लहान स्टुलाला आईने फाटक्या स्वेटरच्या पट्ट्या लोंबत्या शिवल्या आणि ते खोक्यात उभं केलं, बाटल्या त्याच्या खाली. पिल्लं पट्ट्यांत शिरायची, कोंबडीच्या पंखाखाली शिरतात तशी. पट्ट्यांतून नुसत्या चोची दिसायच्या. बाटली निवाली की आवाज चढायचा, आवाज चढला की आई उठायची. ती खोक्याला पाठ लावून, गोधडी स्वतःवर आणि खोक्यावर मिळून पांघरून बसायची. "खुडूक बसली तुझी माय," शोभाकाकू मला म्हणायच्या, "तिला कोणी हात लावू नका, चोच मारील."

बाबांना यात स्वतःचं काहीतरी द्यायचं होतं. फरशी गार लागते म्हणून त्यांनी पेटी उघडली आणि पत्रकं काढली. त्यातली चांगली, जाड, गुळगुळीत कागदाची. "कागद ऊब धरतो," ते म्हणाले. मला हे फार आवडलं. इतक्या वर्षांच्या मागण्या अखेर कोणाच्या तरी पायाखाली कामाला आल्या होत्या. पिल्लं त्या मोठ्या ठळक अक्षरांवर उभी राहिली आणि दोन दिवसांत त्यांचे पाय फाकायला लागले. गुळगुळीत कागदावर नख धरत नव्हतं. एक पाय इकडे, एक तिकडे, मध्ये पोट टेकलेलं. उठायला जायची आणि पुन्हा पसरायची.

बाबा खोक्यापाशी उकिडवे बसले. मग एकेक कागद काढून त्यांनी पुसला आणि पेटीत परत ठेवला. खाली गोणपाट घातलं. आईने मऊ धाग्याचे तुकडे घेतले आणि फाकलेले पाय जवळ आणून सैलसर बांधले. त्या क्षणी तिची बोटं हवेत नव्हती, खऱ्या धाग्यावर होती. पाय सरळ झाले. मी मात्र अजून कोणतंही पत्रक जाड गुळगुळीत कागदावर छापू देत नाही. मी आता एका छापखान्यात काम करते, तिथे माझ्या या खुळाला सगळे हसतात. हसू देत. ज्यावर उभं राहता येत नाही तो कागद कितीही चकचकीत असला तरी काय उपयोगाचा?

आणि मग हिवाळ्यात पाऊस आला. मळभ धरून, वाऱ्यासकट, अवेळी. पत्रे रात्रंदिवस कोणी खडे फेकल्यासारखे वाजायला लागले. थंडी भिंतीतून ओल होऊन आत आली. एका संध्याकाळी नळावर बायकांची गर्दी असताना सगळ्या खोल्या एकदम काळ्या झाल्या. गोदामावरचा दिवा तेवढा जळत होता. कोणीतरी विचारायला गेलं, तर घरमालक म्हणाला, "फॉल्ट आहे. वायरमनला वेळ नाही." कागदाचं नाव त्याने घेतलं नाही. गरजच नव्हती.

अंधारात चाळ भांडायला लागली. शोभाकाकूंचा आवाज सगळ्यांच्या वर. "तुमच्या त्या कोंबड्यांपायी आता आम्ही अंधारात राहायचं का? माझा नवरा रात्रपाळीवरून येईल, त्याला काय दाखवू, तुझ्या पोरीचा कागद?" आई दारात उभी राहून ऐकत होती. आत आली आणि गॅस पेटवायला गेली, तर शेगडी फुसफुसली आणि गप्प झाली. दिवसरात्र पाणी उकळून सिलिंडर वेळेआधीच संपला होता. खोक्यातला आवाज चढत चालला होता. आईने निवालेल्या बाटल्या पोटाशी धरल्या, जणू अंगाच्या उबेने त्या तापतील.

मी बाहेर पडले. कोणी सांगितलं नव्हतं. हिशेब साधा होता. कागद निघाला की दिवा येईल, दिवा आला की बल्ब येईल, बल्ब आला की पिल्लं वाचतील आणि आई गेटवर उभी राहणार नाही. नळावरच्या पत्र्याखाली कागद होता, शाई एका बाजूने ओघळलेली. मी एक कोपरा नखाने सोडवला.

"काढतेस?" मागून आवाज आला. शोभाकाकू, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात कळशी.

"हो."

"काढ. आधी माझी सही कापून दे."

"सहीचं काय करणार काकू?"

"काय करीन ते करीन. चुलीवर लावीन. कंपनीत आजवर अंगठा लावत आले मी. तू हात धरून शिकवलं, पोराच्या पाटीवर गिरवलं, नवरा हसला तरी गिरवलं. उतरवायचाच होता कागद तर अंगठ्यावर भागलं असतं ना. सही कशाला मागितलीस मग?"

"मघाशी तर तुम्हीच म्हणत होतात…"

"मघाशी मी भांडत होते. भांडू नको का? माझ्या घरात अंधार आहे." त्यांनी कळशी नळाखाली ठेवली. "कागद काढ असं मी म्हटलं का? म्हटलं असेल तर सांग."

त्यांनी म्हटलं नव्हतं. मी कोपरा अंगठ्याने पुन्हा दाबून बसवला. तो नीट चिकटला नाही. मी तसाच दाबून धरून उभी राहिले.

"तुझी माय पाणी कशावर तापवतेय? आज तुमच्याकडून चहाचा वास नाही आला."

"सिलिंडर संपला."

"अन् मग बोलायला काय झालं होतं तिला?" काकू तरातरा निघून गेल्या.

आमच्या चाळीत कोणी पीत नव्हतं. कोणालाही विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं, शपथेवर. त्या संध्याकाळी प्रत्येक घरातून एक बाटली आली. पत्र्याच्या मागून, पोत्याखालून, देवाच्या फळीच्या वरून, कुठून कुठून निघाल्या. उकळत्या पाण्याने भरलेल्या, टॉवेलात गुंडाळलेल्या, एक लहान मुलाच्या मोज्यात, एक मफलरमध्ये. शोभाकाकूंची सगळ्यात मोठी होती. "भातासाठी पाणी ठेवलंच होतं," त्या म्हणाल्या, "आज भाकरी खाऊ." आईने कोणालाच विचारलं नाही की बाटली कुठली. एकेक घेत गेली, दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशी. निवालेली बाटली त्या घरी परत जायची आणि तापून यायची. मोबाईलच्या उजेडात बायका भिजत ये-जा करत होत्या, आणि मी एवढंच ऐकत होते, आवाज कधी उतरतो.

उजाडताना तो उतरला. बारीक, तुटक, स्वतःशीच बोलल्यासारखा. मी इतका वेळ दात आवळून बसले होते ते जबडा दुखायला लागल्यावर कळलं.

सगळी वाचली नाहीत. एका बाटलीचं बूच गळत होतं. तिच्या बाजूची दोन पिल्लं भिजून गारठून गेली. जिवंत पिल्लं आई कधी मोजत नव्हती, गेलेली मात्र तिने मोजली. पपईच्या मुळाशी स्वतः खड्डा केला. गळकी बाटली कोणाची, ते तिला ठाऊक होतं. तिने ती धुऊन, दुसरं बूच लावून त्या घरी परत दिली.

दुपारी वीज आली. का आली, ते घरमालकाने सांगितलं नाही. कागद नळावरच होता. स्वतंत्र मीटर आम्ही तिथे असेपर्यंत कोणालाच मिळालं नाही, हेही लिहिलं पाहिजे, कारण मधलं सगळं खरं असलं पाहिजे. आमचा विजय झाला असं मी कुठे छापलेलं नाही. आम्ही फक्त कागद उतरवला नाही आणि पिल्लं मोठी झाली.

आता आईबाबा खानवेलच्या पुढे, दुधनीकडे राहतात. आई कोंबड्या पाळते, गेटवर उभी राहत नाही. तिचं मीटर दाराच्या बाहेर आहे, तिच्या नावाचं. परवा त्या सायकलवाल्याशी भांडून वर आले आणि तिला फोन केला. तिच्याकडे नवीन पिल्लं आली होती. "येताना जुने मोजे आण," ती म्हणाली, "अन् बाटल्या. तुमच्या कॉलनीत निघतील. विचारू नको कोणाला, नुसत्या माग."

"आई, आता तरी बल्ब लाव. वीज तुझीच आहे."

"बल्ब एका बटणाने विझतो," ती म्हणाली. "बाटल्या विझवायच्या तर विझवणाऱ्याला दहा घरं फिरावी लागतील."

म्हणून ही विनंती. उद्या सकाळी कामावर निघाल तेव्हा दोन मिनिटं थांबा. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, तुमच्या मालकीच्या असतील तर त्या खोल्यांतही, भाड्याने राहणाऱ्या माणसांची मीटरं कुठे आहेत ते जाऊन बघा. ती कुलपाआड असतील तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. विचारताना आवाज थोडा मोठा ठेवा, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा.